धरणाच्या दरवाजापासून गावाच्या वेशीपर्यंत: पुराच्या दिवसांत कोणाचे काम काय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावच्या सरपंच ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडायचे हे नेमके कोण ठरवते? जलसंपदा विभाग, जिल्हाधिकारी, शेजारचे कर्नाटक राज्य, बचाव पथके आणि ग्रामपंचायत यांची कामे एकमेकांत कशी बसतात? आणि एवढ्या यंत्रणा असूनही गावाला निरोप उशिरा का मिळतो? माझी बहुतेक नोकरी कृष्णा खोऱ्यात अभियंता म्हणून गेली आणि तिच्यातले अनेक पावसाळे पूर नियंत्रण कक्षात गेले. उत्तर थोडे लांब होईल, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिले दोन नीट समजल्याशिवाय देता येत नाही.

आधी ‘पूर नियंत्रण’ या नावाबद्दल. या नावामुळे लोकांचा असा समज होतो की नदी आमच्या ताब्यात आहे आणि दरवाजे खालीवर करून आम्ही ती हवी तशी चालवू शकतो. प्रत्यक्षात कक्षात बसलेला अभियंता पुराची कमाल पातळी काही प्रमाणात कमी करू शकतो, ती थोडी पुढेमागे ढकलू शकतो आणि ती कुठे केव्हा पोहोचेल हे आगाऊ सांगू शकतो. म्हणजे त्याच्या हातात असतात ते काही तास. हे तास कुठून मिळतात, कोण वापरतो आणि वाटेत कुठे वाया जातात हे पाहिले की सगळ्या यंत्रणेचा उलगडा होतो.

कोयनेचे उदाहरण घेऊ. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि ते वीजनिर्मितीसाठी व सिंचनासाठी बांधलेले आहे. पावसाळा संपताना ते भरलेले असले पाहिजे, नाहीतर पुढचे आठ महिने वीज आणि पाणी दोन्ही अडते. पुरासाठी म्हणून वेगळी मोकळी जागा त्यात राखलेली नाही. त्यामुळे कोणत्या तारखेला धरणात जास्तीत जास्त किती पाणी असावे याचे वेळापत्रक, म्हणजे जलाशय परिचलन आराखडा, आधीच मंजूर केलेला असतो आणि विसर्गाचा, म्हणजे पाणी सोडण्याचा, निर्णय त्या चौकटीत होतो. धरणावरचे अभियंते दर तासाला पातळी घेतात. तासाभरात पातळी किती वाढली, त्या वाढीचे पाणी किती झाले आणि त्याच तासात किती पाणी सोडले, यांची बेरीज केली की आवक, म्हणजे धरणात येणारे पाणी, निघते. आवक, आराखड्यातली तारखेची पातळी, हवामान खात्याचा पुढच्या दिवसांचा अंदाज आणि खालच्या पुलांवरची पातळी हे चार आकडे समोर ठेवून धरण विभागाचे कार्यकारी अभियंता आणि त्यांचे वरिष्ठ विसर्ग ठरवतात. दरवाजे उचलण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवले जाते आणि भोंगा वाजवला जातो.

‘पाऊस येणार हे माहीत होते, मग आठ दिवस आधीच पाणी का सोडले नाही?’ हा प्रश्न प्रत्येक पुरानंतर येतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एवढे पाणी एका दिवसात काढायचे तर चोवीस तास सलग सुमारे ११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांचा, विसर्ग ठेवावा लागतो. अतिवृष्टीच्या तीन दिवस आधीपासून २०,००० क्युसेकने पाणी सोडले, तर तीन दिवसांत पाच टीएमसीहून थोडी जास्त जागा तयार होते. त्यानंतर घाटमाथ्यावर पाऊस कोसळून आवक एक लाख क्युसेक झाली, तर सगळे दरवाजे बंद ठेवले तरी ती जागा साधारण चौदा तासांत भरून जाते. आणि अंदाज चुकून पाऊस आलाच नाही, तर सोडलेले पाणी परत येत नाही.

तरीही त्या चौदा तासांना मी फार मोल देतो. कोयनेचे पाणी कृष्णेतूनच खाली येते. तेवढ्या वेळात वारणेचे पाणी पुढे निघून गेले, तर सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णा आणि वारणा यांच्या कमाल पातळ्या एकाच वेळी येत नाहीत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ त्याने जो काही फूट फरक पडतो, त्यावर शेकडो घरांचा उंबरा कोरडा राहणार की नाही हे ठरते. आगाऊ विसर्ग अजिबात निरुपयोगी आहे असे म्हणणारे आणि त्याने पूर येणारच नाही असे म्हणणारे, दोघेही चुकतात.

‘कोण ठरवते’ या प्रश्नाचे एक उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर उभारलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. तिथे कोणाचा हुकूम लागत नाही आणि कोणाचा हुकूम चालतही नाही. अशा वेळी अभियंत्याचे काम एकच उरते, आणि ते म्हणजे पहिला दरवाजा उघडण्याच्या कितीतरी आधी, तलाव किती फुटांनी रिकामा आहे आणि या वेगाने तो केव्हा भरेल हे खालच्या गावांना कळवणे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नदीतले सगळे पाणी धरणातून येत नाही. धरणांच्या खाली जे पाणलोट क्षेत्र असते, ज्याला आम्ही मुक्तपाणलोट म्हणतो, तिथे पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून थेट नदीत उतरतो आणि त्याच्यावर कोणाचाही दरवाजा नसतो. जुलै २०२१ मध्ये हेच दिसले. २२ आणि २३ जुलैला घाटमाथ्यावर असा पाऊस झाला की एकट्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. त्या वेळी कोल्हापुरात पंचगंगा ज्या वेगाने चढली, त्याला मुक्तपाणलोटातले पाणी मोठ्या प्रमाणात कारण होते. २०१९ चा पूर जुलैच्या अखेरीपासून दोन आठवडे चढत गेलेला होता, २०२१ चा दोन दिवसांत आला. पहिल्यात हाताशी तास भरपूर होते आणि ते नीट वापरता आले नाहीत. दुसऱ्यात तासच थोडे होते. या दोन पुरांना एकच उपाय लावता येत नाही, हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

आकडे येतात कुठून, हेही सांगतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसवलेले आहेत, त्यांची नोंद उपग्रहामार्फत पुण्याच्या सिंचन भवनात येते आणि तिथल्या संगणकीय प्रणालीवरून पुढच्या पातळीचा अंदाज काढला जातो. केंद्रीय जल आयोगाची स्वतंत्र केंद्रे आहेत. तुमच्या तालुक्यात कुरुंदवाड आणि अर्जुनवाड इथे ती आहेत, आणि त्यांचे आकडे दोन्ही राज्यांना मिळतात. पण यंत्र बंद पडते, त्याचा खांब वाहून जातो, सौर पट्टीवर शेवाळ चढते. म्हणून बंधाऱ्यावर माणूस हवाच. एका पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास मी एका बंधाऱ्यावर गेलो होतो. आमचा मोजणीदार घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन काठावर बसला होता, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. पातळीपट्टीचा खालचा भाग बुडाला होता आणि वरच्या आकड्यांवर गाळ बसला होता. त्याने बांबूला बांधलेल्या चिंधीने पट्टी पुसली, लाटा खाली बसण्याची वाट पाहिली, तीन वेळा वाचन घेतले आणि मधले वाचन लिहिले. मग म्हणाला, ‘साहेब, तासाला दोन इंच होतं, आता तीन झालंय.’ पूर नियंत्रण कक्षातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर तेव्हा अजून दोन इंचांचाच वेग दिसत होता. त्या एका इंचावर मी त्या रात्री पुढचे सगळे निरोप बदलले.

आता दुसरा प्रश्न. जलसंपदा विभाग पाण्याबद्दल सांगतो. माणसांना हलवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. स्थलांतराचा आदेश, निवारा केंद्रे, वाहने ताब्यात घेणे, बचाव पथकांची मागणी हे सगळे तिथून चालते आणि प्रांत, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील या साखळीने गावात पोहोचते. महावितरणला वीज केव्हा तोडायची ते ठरवावे लागते, सार्वजनिक बांधकाम विभागाला पूल बंद करावे लागतात, पोलिसांना बॅरिकेड लावावे लागते, आरोग्य विभागाला गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण आधी हलवावे लागतात. महापालिकेपुढचा प्रश्न आणखी वेगळा असतो. कोल्हापुरात महापुराच्या वेळी उपसा केंद्रेच पाण्याखाली जातात आणि चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहराला टँकरने पिण्याचे पाणी पुरवावे लागते. या प्रत्येक खात्याला आमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, पण प्रत्येकाला ती वेगळ्या भाषेत हवी असते. अभियंत्याच्या तोंडी क्युसेक असतो, बांधकाम विभागाला पुलाच्या कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते हवे असते, महावितरणला उपकेंद्राच्या जोत्याची पातळी हवी असते आणि पोलिसांना कोणता रस्ता किती वाजता बंद होणार ते हवे असते. चांगला कक्ष तो, जो हे भाषांतर स्वतः करून देतो. निव्वळ विसर्गाचे पत्रक सगळ्यांना पाठवून देणे म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे होय.

कर्नाटकाबद्दल तुमच्या गावात काय बोलले जाते याची मला कल्पना आहे. राजापूर बंधाऱ्याच्या पुढे कृष्णा कर्नाटकात जाते, तिथे हिप्परगीचा बंधारा आणि त्यापुढे अलमट्टी धरण आहे. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे आपल्याकडे पाणी तुंबते, अशी शिरोळ आणि सांगली भागातील लोकांची ठाम भावना आहे. २०१९ नंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अलमट्टीला पुराचे मुख्य कारण मानले नाही, आणि तो निष्कर्ष अनेकांनी स्वीकारलेला नाही. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राचा विरोध आहे. या वादात शास्त्रीय अभ्यास व्हायलाच हवा. पण ऐन पुरात दोन राज्यांच्या अभियंत्यांनी एकमेकांशी काय बोलायचे, हा वेगळा विषय आहे आणि तो वादापासून वेगळाच ठेवायला हवा. २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग सुरू झाला. तो वाढवण्यासाठी मंत्र्यांच्या पातळीवर दूरध्वनी व्हावे लागले. खरे तर आपल्याकडून राजापूरला किती पाणी निघाले आणि ते केव्हा पोहोचेल हे तिकडच्या अभियंत्याला वेळेवर कळले, तर तो आधीच जागा करू शकतो, कारण भरलेल्या धरणावर अचानक मोठी आवक येणे त्यालाही नको असते. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांचे नेते बंगळूरला भेटले आणि माहितीची देवाणघेवाण पावसाळ्याच्या आधीच ठरली, हे मला फार बरे वाटले. पण माझा अनुभव असा, की करारापेक्षा पलीकडच्या कार्यकारी अभियंत्याचा मोबाइल नंबर आणि त्याच्याशी उन्हाळ्यात प्यालेला चहा जास्त उपयोगी पडतो. रात्री तीन वाजता फोन केल्यावर पलीकडून खरा आकडा मिळायचा असेल, तर आधी ओळख असावी लागते.

तुमच्या गावाचा प्रश्न कृष्णेपुरता नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे पसरते. म्हणून कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरू लागल्याची बातमी आली तरी शिरोळमध्ये ते आणखी दोन दिवस चढू शकते. कोल्हापूरचे लोक घराकडे परतू लागलेले असतात तेव्हा तुमच्या लोकांना घर सोडावे लागते, आणि दूरचित्रवाणीवर ‘पूर ओसरला’ असे सांगितले जात असते. या एका गोष्टीने कितीतरी माणसे गाफील राहिली आहेत.

बचाव पथकांबद्दल. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर इथे आहेत. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोली इथे पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला आणि मदत रस्त्याने येणेच कठीण झाले. लष्कर आणि नौदलाची पथके तेव्हा आली आणि त्यांनी केलेले काम विसरण्यासारखे नाही. त्या अनुभवानंतर पथके पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कोल्हापूर आणि सांगलीत आणून ठेवण्याची पद्धत पडली. पण बाहेरून आलेल्या जवानाला पाण्याखाली काय आहे हे माहीत नसते. कुठे द्राक्षाच्या तारा आहेत, कुठे विहिरीचा कठडा आहे, कोणत्या गल्लीत विजेची तार खाली लोंबते, कोणत्या घरात ऐकू न येणारी म्हातारी एकटी राहते, हे गावातल्या पोरालाच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक बोटीत गावातला एक माणूस हवा, असा माझा नेहमीचा आग्रह असतो. कोल्हापूरची व्हाईट आर्मी ही स्वयंसेवी संघटना, शहरातली तालीम मंडळे, गावोगावची तरुण मंडळे हे करत आलेली आहेत.

इथे पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी तिथे गावातली बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघाली आणि उलटली. बाराहून अधिक माणसे बुडाली, त्यांत बायका आणि लहान मुले होती. बोट चालवणाऱ्यांनी लोकांना वाचवण्यासाठीच ती पाण्यात घातली होती. दोष त्यांच्या धैर्यात शोधू नये. बोटीवर क्षमता ठळक लिहिलेली असणे, तितकी जीवरक्षक जाकिटे असणे, उन्हाळ्यात तिची तपासणी झालेली असणे आणि तिचे इंजिन चालू करून पाहिलेले असणे, हे काम शांत दिवसांतले आहे. आपल्या गावात बोट असेल तर ती मे महिन्यात पाण्यात उतरवून पाहिली का, हे आधी विचारा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे उशिराचा. माझ्या नोकरीत घडलेली एक गोष्ट सांगतो. गावाचे आणि कार्यालयाचे नाव घेत नाही. आम्ही सायंकाळी सहाला निरोप काढला, ‘धरणातून ४०,००० क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ तो तालुक्याला वेळेवर गेला. तिथून पुढे दूरध्वनी लागेना, कारण गावाकडची वीज गेली होती आणि मोबाइलचा टॉवर बॅटरीवर होता. रात्री नऊच्या पुढे निरोप पोहोचला. दवंडी दिली गेली. लोकांनी ती ऐकली आणि ते झोपले, कारण चाळीस हजार क्युसेक म्हणजे आपल्या गोठ्यात पाणी येणार की नाही, हे दवंडी देणाऱ्यालाही सांगता आले नाही. पहाटे ओढ्याचा रस्ता बुडाला आणि माणसे अडकली. बोटी आल्या तेव्हा लोक चढेनात. बोटीत म्हशी येत नाहीत, आणि दावणीला बांधलेली म्हैस सोडून जायला शेतकरी तयार होत नाही. एक बाई गळ्याइतक्या पाण्यात दाव्याची गाठ सोडत उभी होती, ओल्या सुताची गाठ सुटेना, आणि तिचा मुलगा वरून विळा फेकत होता. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाही. माणसे वाचली. जनावरे सगळी वाचली नाहीत. तीन तास साखळीत गेले होते आणि उरलेले तास निरोपाच्या भाषेने खाल्ले होते. त्या निरोपावर माझी सही होती.

त्यानंतर आम्ही काही गावांत उन्हाळ्यात बैठका घ्यायला लागलो. नकाशे घेऊन गेलो होतो, पण पहिल्याच बैठकीत ते गुंडाळून ठेवावे लागले. एक वयस्कर शेतकरी उठले आणि काठीने मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या दाखवत म्हणाले, ‘दुसरी पायरी भिजली की मळ्याची वाट बंद. चौथी भिजली की हरिजनवाड्यात, आता नाव बदललंय, तिकडं पाणी. देवाच्या पायाला लागलं की गाव सोडायचं.’ आम्ही दुर्बीण लावून त्या पायऱ्यांची उंची घेतली आणि बंधाऱ्यावरच्या पट्टीशी ताडून पाहिली. म्हाताऱ्याचे मोजमाप आमच्या जुन्या नोंदींशी जुळत होते. तुमच्याकडे नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, म्हणजे उत्तरेच्या दारातून आलेले कृष्णेचे पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. भाविकांसाठी तो पुण्याचा योग आहे आणि नदीकाठच्या शेतकऱ्यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्यांचा पातळीदर्शकही आहे. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरच्या रहिवाशांना आयर्विन पुलाचा आकडा ऐकला की सामान वर उचलायचे की नाही ते कळते. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, पण त्यांची घरे त्याच्या आधीच भिजतात. २०१९ मध्ये तोच आकडा ५७ फुटांच्या पुढे गेला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांवर आणि धोका ४३ फुटांवर आहे, आणि त्याच वर्षी तिथले पाणी ५५ फुटांवर गेले. सरकारी धोका पातळी सबंध शहरासाठी असते. तुमच्या गावातल्या सगळ्यात खालच्या घराची धोका पातळी वेगळी आहे, आणि ती कोणत्याही शासकीय पत्रकात नाही.

या बैठकांतून आम्हीही शिकलो. लोक घर सोडत नाहीत ते हट्टाने, असे कार्यालयात म्हटले जाते. जनावरांसाठी वेगळी जागा, वैरण आणि पाणी यांची सोय आधी जाहीर झाली की तीच माणसे पहिल्या हाकेला निघतात. साखर कारखान्यांची आवारे, त्यांचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या या कामी फार उपयोगी पडतात, कारण पावसाळ्यात गाळप बंद असते आणि वाहने रिकामी असतात. पण ती मागायची असतात रस्ता कोरडा असताना. बचत गटाच्या बायकांकडे कोणत्या घरात कोण आजारी, कोण बाळंतीण, याची जी यादी तोंडपाठ असते, ती तलाठ्याच्या दप्तरात नसते.

आणखी एक विषय आहे, ज्याबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखून देतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. रेषा आखणे आमचे काम, पण बांधकामाची परवानगी देणे किंवा नाकारणे हे महापालिका, नगरपालिका आणि नियोजन प्राधिकरणाचे काम. या दोन कामांच्या मधल्या फटीत भराव पडतात, जमिनीचे तुकडे विकले जातात आणि ज्यांना स्वस्तात जागा मिळाली म्हणून आनंद झाला होता, ती गरीब माणसे पहिल्या पुरात बोटीत बसतात. नदीच्या आडवे घातलेले रस्त्यांचे उंच भराव हे तर आमचेच, म्हणजे शासनाचेच काम असते, आणि त्यांतल्या मोऱ्या अपुऱ्या असल्या की पाणी मागे तुंबते. दरवाजांच्या परिचलनावर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी जरी या परवानग्यांवर झाली असती, तरी शहरांतले नुकसान कितीतरी कमी झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीसारख्या गावांना जवळच उंचावर जागा देऊनही स्थलांतर अर्धवट राहते, त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. शेत, गोठा आणि नदी एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, असा संसार कोणाला परवडत नाही.

ताई, यातले तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढावे लागतात. आपल्या जवळच्या बंधाऱ्याचे बर्गे निघाले का, हे मेच्या अखेरीस स्वतः जाऊन पाहा, कारण एखाद्या गाळ्यात ते अडकून राहिले की झाडांचे ओंडके तिथे अडतात आणि पाणी बाजूच्या रानात शिरते. त्याच सुमारास जलसंपदाच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन, आपल्या गावातली तीन ठिकाणे, म्हणजे बाहेर जाणारा रस्ता, सगळ्यात खालची वस्ती आणि शाळा, यांची पातळी काढून मागा. ती तुमच्या जवळच्या कुरुंदवाडच्या आकड्याशी जोडून घ्या. अभियंत्याला हे काम एका दिवसाचे आहे आणि तुमच्या पत्रावर ते व्हायला हवे. मग ते आकडे ग्रामपंचायतीच्या, देवळाच्या आणि दूध संस्थेच्या भिंतीवर तैलरंगाने लिहा, कारण सकाळ-संध्याकाळ सगळे गाव तिथे येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा शेजारीच काढा. निरोप घेणारी दोन माणसे ठरवा, एकाचा फोन लागला नाही तर दुसऱ्याचा लागेल अशा दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर असलेली, आणि ती नावे तहसीलदारांकडे तसेच पूर नियंत्रण कक्षाकडे द्या. कक्ष १ जूनपासून रोज चोवीस तास सुरू असतो. पहिल्या आठवड्यात, पाऊस नसताना, एकदा तिथे फोन करून पाहा आणि जो कोणी उचलेल त्याला आपल्या गावच्या रस्त्याचा आकडा सांगा. तो त्याच्या नोंदवहीत लिहून घेईल. घेतला नाही तर पुन्हा करा.